ज्येष्ठांचे आरोग्यशिक्षण आणि अखेरच्या दिवसांचा विचार

महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गात गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्या मृत्यूनंतरच्या व्यवस्थेसंबंधी बोलण्याची एक मोकळीक आलेली आहे, आणि ती अभिनंदनीयच म्हटली पाहिजे. घरदार, ठेवी आणि दागिने यांची वाटणी कशी व्हावी याचे मृत्युपत्र करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेणारे, नेत्रदानाचा वा देहदानाचा अर्ज भरून त्याचे ओळखपत्र पाकिटात बाळगणारे, आणि 'माझे दिवस घालू नका, ती रक्कम एखाद्या शाळेला द्या' असे मुलांना बजावून ठेवणारे वृद्ध आता बहुतेकांच्या आप्तवर्गात निघतात. परंतु प्राण गेल्यानंतरच्या तेरा दिवसांविषयी इतकी तपशीलवार तजवीज करणारी हीच माणसे प्राण जाण्यापूर्वीच्या तेरा दिवसांविषयी, अथवा तेरा महिन्यांविषयी, जवळजवळ काहीच बोलून ठेवीत नाहीत. आणि मग अतिदक्षता विभागात ठेवावे की घरी न्यावे, श्वासनलिकेत नळी घालावी की नाही, अन्न सुटले तर नाकातून नळी टाकावी की ओठ ओले करीत बसावे, हे निर्णय ज्याच्या देहावर अमलात यायचे त्यालाच वगळून, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, अपरात्री, घाबरलेल्या चार नातेवाइकांच्या सहीने होतात.

या अवस्थेचे कारण वृद्धांच्या अज्ञानात शोधण्याची आणि त्यावरचा उपाय म्हणून माहितीपत्रके, व्याख्याने व शिबिरे योजण्याची आपल्याकडे रीत आहे. वृद्ध रुग्णांच्या शिक्षणाविषयी गेल्या सुमारे अर्धशतकात जगभर जे प्रयोग झाले आणि आपल्या देशात न्यायालयांनी व सेवाभावी संस्थांनी जी वाट चालून दाखवली, तिचा आढावा घेतला असता मात्र असे दिसते, की एकतर्फी माहितीने फारच थोडे साधले आहे. जेथे यश आले तेथे ते वृद्धाला विचारण्याने, त्याचे उत्तर लिहून ठेवण्याने आणि ते योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करण्याने आले आहे.

प्रथम प्रश्नाचा विस्तार पाहू. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या व्यक्तींची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख भरली, आणि त्यांपैकी १ कोटी १० लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होत्या. याच गणनेप्रमाणे या वयोगटात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. पुरुषांत ते ५९ टक्के, तर स्त्रियांत अवघे २८ टक्के. स्त्रिया सामान्यतः पतीच्या मागे राहतात आणि त्यामुळे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर एकट्या पडण्याचा प्रसंग त्यांच्यावरच अधिक येतो, ही गोष्ट या आकड्यांशी जोडून पाहिली म्हणजे ज्यांना या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज त्यांच्यापर्यंत छापील कागद पोहोचूच शकत नाही हे उघड होते. साक्षर वृद्धालाही मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, कमी ऐकू येत असल्याने गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांचे निम्मे बोलणे निसटते, आणि ऐकू आले नाही असे पुन्हा पुन्हा सांगण्याच्या संकोचाने तो केवळ मान डोलावतो. त्या डोलावलेल्या मानेलाच आपली व्यवस्था आकलन समजते.

या अडचणीवरचा एक साधा आणि परीक्षेला उतरलेला उपाय म्हणजे सांगितलेले रुग्णाकडून उलट वदवून घेणे. 'समजले ना?' या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तर येत नाही. 'घरी गेल्यावर सूनबाईंना या गोळ्यांविषयी काय सांगाल?' असे विचारले म्हणजे काय समजले आणि काय राहिले याची तत्काळ खातरजमा होते, आणि तीही परीक्षा घेतल्याचा अवमान न होता. दुसरा उपाय, घरातील सर्व औषधे, मग ती वैद्याची असोत, होमिओपॅथीची असोत की शेजाऱ्याने सुचवलेली असोत, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतण्याचा. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दुप्पट घेतले जात आहे, गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली गोळी मूत्रपिंडाला अपाय करीत आहे, किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर तीच वेदनाशामक गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवीत आहे, असे शोध या पिशवीतूनच लागतात. पाच किंवा अधिक औषधे नित्य घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत कोणती गोळी थांबवावी हे सांगणे नवी गोळी लिहून देण्याइतकेच महत्त्वाचे असते, ही जाणीव अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केल्यापासून वैद्यकात रुजत गेली.

आरोग्यशिक्षणाचा हा दैनंदिन भाग स्थानिक जीवनाशी जोडला नाही, तर तो पुस्तकीच राहतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणारी वृद्धा चतुर्थी आणि एकादशी सोडणार नाही हे गृहीत धरूनच त्या दिवशी गोळी कमी करावी की वगळावी, साखर एकाएकी उतरली तर घाम, थरथर आणि भ्रम ही लक्षणे कशी ओळखावी, आणि अशा वेळी उपवास मोडून साखरपाणी घेण्यात काही अधर्म नाही, हे तिला सांगावे लागते. न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पडून खुब्याचे हाड मोडणे हा अनेक वृद्धांच्या परावलंबनाचा प्रारंभ असतो; भिंतीला धरण्याजोगा दांडा बसवणे आणि रात्री दिवा लावून उठणे ही शिकवण कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा कमी मोलाची नाही. आणि गोळीच्या वेळा मोठ्या अक्षरांत, मराठीत, सूर्य-चंद्राच्या चित्रांसह लिहून देण्यास कोणत्याही शासकीय मंजुरीची आवश्यकता नाही.

येथपर्यंतचा भाग तुलनेने निर्विवाद आहे. खरी अडचण सुरू होते ती आजार बरा होणारा नाही हे निश्चित झाल्यावर. कारण त्या क्षणी शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये कुटुंब येऊन उभे राहते. 'त्यांना काही सांगू नका, त्या हाय खातील' हे वाक्य ऐकले नाही असा डॉक्टर महाराष्ट्रात विरळा. या वाक्यामागे लबाडी नसते, माया असते. परंतु त्या मायेचा परिणाम असा होतो, की घरातील प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट ज्याच्याविषयी आहे त्याला ठाऊक नाही असा बहाणा सारे करतात. रुग्णाला तर बहुधा सारे उमगलेले असते. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तोही न उमगल्याचा बहाणा करतो, आणि दोन्ही बाजूंच्या या दयाळू असत्यात निरोपाचे, क्षमेचे आणि निरवानिरवीचे दिवस निघून जातात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी वर्णिलेल्या मानसिक अवस्थांच्या क्रमावर पुढे पुष्कळ आक्षेप आले, तरी मरणाऱ्या माणसाला बोलायचे असते, न बोलण्याची गरज बहुतांशी भोवतालच्यांची असते, हे त्यांचे मूळ निरीक्षण टिकून राहिले आहे.

तथापि पाश्चात्त्य देशांतील व्यक्तिस्वातंत्र्याची कल्पना जशीच्या तशी उचलून आपल्या घरात बसवणेही शहाणपणाचे नाही. आपल्याकडील अनेक वृद्ध समजून-उमजून म्हणतात, 'मला ते तपशील नकोत, काय ते मुलाला विचारा.' हाही एक निर्णयच आहे, आणि तो त्यांचा स्वतःचा असेल तर आदरणीय आहे. मात्र तो त्यांनी घेतलेला असावा, त्यांच्या वतीने गृहीत धरलेला नसावा. म्हणून जाणत्या डॉक्टराचा पहिला प्रश्न आजाराविषयी नसतो. 'तुमच्या प्रकृतीविषयी तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल, आणि कोणाला बरोबर बसवून?' असे तो विचारतो. कायद्याची दिशाही हीच आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचारापूर्वी त्याचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक ठरवली, आणि सज्ञान, सावध रुग्णाची संमती असताना अन्य कोणाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही हेही स्पष्ट केले.

आपल्या परंपरेत अखेरच्या क्षणाचा विचार मुळीच झालेला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून देह ठेवण्याची, म्हणजे सल्लेखनेची, जैन परंपरा प्राचीन आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध वर्ज्य करून प्रायोपवेशनाने देह ठेवला, आणि हृदयविकाराचा झटका आल्यानंतर आचार्य विनोबा भावे यांनीही नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न-औषध नाकारून १५ तारखेला शांतपणे प्राण सोडला. या दोन अत्यंत भिन्न प्रकृतीच्या पुरुषांच्या निर्णयापुढे महाराष्ट्राने मान लवविली, हे खरे. परंतु ज्याचे जन्मभर ऐकले गेले त्याचे शेवटीही ऐकले जाते. चाळीतल्या किंवा वाडीवरच्या ज्या विधवेला आयुष्यात कोणी महत्त्वाचा प्रश्न विचारला नाही, तिचे 'मला नळ्या लावू नका रे' हे शब्द 'आजारपणात काहीही बोलते' या सदरात जमा होतात. सर्वसामान्य वृद्धाच्या शब्दाला तीच प्रतिष्ठा मिळवून देणे हेच या शिक्षणाचे प्रयोजन मानले पाहिजे.

मग अखेरच्या काळाविषयी नेमके काय सांगावयाचे? सर्वप्रथम, ज्या उपचारांची नावे सर्वांना ठाऊक आहेत परंतु स्वरूप कोणालाच ठाऊक नाही, त्यांचे यथार्थ वर्णन. बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न हा त्यांत अग्रगण्य. अमेरिकन दूरदर्शन-मालिकांतील अशा प्रसंगांची गणती करून १९९६ साली काही संशोधकांनी दाखवून दिले, की पडद्यावरील रुग्णांपैकी तीन-चतुर्थांश तत्क्षणी वाचतात. उलट त्याच देशातील पासष्ट वर्षांवरील चार लाखांहून अधिक रुग्णालयीन रुग्णांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तीत या प्रयत्नानंतर रुग्णालयातून जिवंत बाहेर पडलेल्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के निघाले. जर्जर, अनेक व्याधींनी ग्रासलेल्या वृद्धाच्या बाबतीत ही आशा आणखी क्षीण असते, आणि त्या प्रयत्नात बरगड्या मोडण्याचा संभव मोठा असतो. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र न्यूमोनियासारख्या उलटवता येण्याजोग्या आजारात प्राणदाते ठरते, परंतु कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत ते केवळ मरणाची मुदत लांबवते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने भरवल्यामुळे आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही, आणि हाताने, रुग्णाच्या कलाने, घास-घोट भरवणेच श्रेयस्कर मानले जाते. 'अन्नावाचून ठेवले' या लोकापवादाच्या भयाने नळी घालणाऱ्या मुलाला हे कोणीतरी अधिकारवाणीने सांगण्याची गरज असते.

हे वर्णन शब्दांतच करावे असेही नाही. स्मृतिभ्रंशाच्या प्रगत अवस्थेचे केवळ शाब्दिक वर्णन ऐकलेल्या वृद्धांपैकी ६४ टक्क्यांनी, तर दोन मिनिटांची चित्रफीतही पाहिलेल्यांपैकी ८६ टक्क्यांनी त्या अवस्थेत केवळ सुखावह शुश्रूषा पुरे असे सांगितले, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा विचारले असता चित्रफीत पाहणाऱ्यांचे मत अधिक स्थिर आढळले, असा निष्कर्ष अँजेलो व्होलांडेस यांच्या २००९ मधील प्रयोगात निघाला. ज्या समाजातील बहुसंख्य वृद्ध स्त्रिया वाचू शकत नाहीत त्या समाजाला हा प्रयोग विशेष उपयोगी वाटावा.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना इतिहासच देतो. १९९५ साली अमेरिकेतील पाच मोठ्या रुग्णालयांतील नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांचा एक विशाल अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडल्यास ते चालू करण्याचा प्रयत्न करू नये अशी ज्या रुग्णांची इच्छा होती, त्यांच्या डॉक्टरांपैकी निम्म्यांहून कमी जणांना तिचा पत्ता होता, असे त्याच्या पहिल्या भागात दिसले. दुसऱ्या भागात खास प्रशिक्षित परिचारिका नेमून रुग्णांच्या इच्छा आणि आजाराचे भाकीत डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था झाली. आणि परिणाम शून्य निघाला, कारण उपचारांचे जे चक्र एकदा फिरू लागले होते ते या अतिरिक्त माहितीने थांबले नाही. त्याच देशाने १९९० साली कायदा करून प्रत्येक दाखल रुग्णाला पूर्वसूचनापत्राविषयी, म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या कागदाविषयी, माहिती देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले होते. त्यानंतरच्या अनुभवाचा ताळेबंद मांडताना अँजेला फॅगरलिन आणि कार्ल श्नायडर यांनी २००४ साली असा निष्कर्ष काढला, की ही पत्रे बहुतेक लोक करीत नाहीत, केलेली वेळेवर सापडत नाहीत, आणि सापडलेली प्रत्यक्ष प्रसंगाला लागू पडत नाहीत.

याच्या उलट दोन उदाहरणे आहेत. विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस या लहान शहरात १९९१ पासून बर्नार्ड हॅमेस यांच्या पुढाकाराने सर्व रुग्णालयांनी मिळून, नागरिक धडधाकट असतानाच त्यांच्याशी व त्यांच्या कुटुंबीयांशी प्रशिक्षित माणसांकरवी संवाद साधण्याचा आणि त्याची नोंद रुग्णाच्या दप्तरात अशा ठिकाणी ठेवण्याचा उपक्रम केला, की ती शोधावी लागू नये; काही वर्षांनी तेथे झालेल्या ५४० मृत्यूंची तपासणी केली तेव्हा ८५ टक्के व्यक्तींच्या लेखी इच्छा उपलब्ध होत्या. मेलबर्न येथे ऐंशी वर्षांवरील ३०९ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात असा संवाद झालेल्यांपैकी जे पुढे वारले त्यांच्यातील ८६ टक्क्यांची इच्छा ज्ञात होती आणि पाळली गेली, तर संवाद न झालेल्यांत हे प्रमाण ३० टक्केच होते. शिवाय संवाद झालेल्यांच्या नातेवाइकांना मागाहून होणारा मनस्ताप आणि विषाद कमी आढळला. अपयशाच्या आणि यशाच्या या कहाण्या शेजारी ठेवल्या म्हणजे भेद कोठे आहे हे ध्यानात येते. एकीकडे माहिती किंवा कागद होता आणि तो संकटाच्या ऐन वेळी पुढे आला. दुसरीकडे संकटापूर्वी, घरच्यांच्या समक्ष, पुन्हा पुन्हा झालेले संभाषण होते आणि कागद हे त्याचे केवळ टिपण होते.

आपल्या देशात या विषयाची वाटचाल मुख्यतः न्यायालयांच्या मार्गाने झाली, आणि तीत मुंबईचा वाटा मोठा आहे. मिनू मसानी यांनी १९८१ साली येथेच सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात ती भूमिका अमान्य केली, तरी नैसर्गिकपणे संपत आलेल्या आयुष्याचा सन्मानपूर्वक शेवट हा जगण्याच्या हक्काचाच भाग असू शकतो असे सूचित केले. अरुणा शानबाग यांची कहाणी महाराष्ट्राला सांगावी लागू नये. १९७३ च्या नोव्हेंबरात के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या अत्याचारानंतर त्या २०१५ पर्यंत तेथेच शुद्धीपलीकडच्या अवस्थेत राहिल्या. लेखिका पिंकी विराणी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना त्यांचे पोषण थांबवण्यास नकार दिला; परंतु विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवनाधार काढण्याची वाट प्रथमच खुली केली. त्या प्रकरणातील विराणी आणि रुग्णालयात अरुणेची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका या दोन्ही पक्षांना अरुणेविषयी कळवळा होता, आणि दोघेही तिच्या वतीने बोलत होते. तिला स्वतःला काय हवे होते हे मात्र कोणालाही सांगता येण्याजोगे नव्हते. पंचविशीतल्या तरुणीला तो प्रश्न कोणी विचारणारही नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला न विचारण्याला कोणती सबब आहे?

पुढे ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने वैद्यकीय पूर्वसूचनापत्राला मान्यता दिली, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसह इतकी किचकट पद्धत लावून दिली की ती जवळजवळ निरुपयोगी ठरली. २४ जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीने ती सुकर झाली. आता कोणतीही सज्ञान आणि शाबूत बुद्धीची व्यक्ती स्वेच्छेने असे पत्र लिहू शकते; त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या एका वा अधिक विश्वासू व्यक्तींची नावे द्यावयाची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते साक्षांकित करावयाचे, आणि प्रती त्या व्यक्तींना, कुटुंबाच्या डॉक्टरांना व स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे द्यावयाच्या. पत्र केव्हाही बदलण्याची अथवा रद्द करण्याची मुभा आहे. प्रसंग आल्यास उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते, दुसरे मंडळ ते पडताळते, आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. अभिरक्षक नेमण्याची तरतूद कागदावरच राहिल्यामुळे मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि मुंबई महानगरपालिकेने असे अधिकारी नेमले. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे पूर्वसूचनापत्र जाहीरपणे नोंदवून पायंडा पाडला. विशेष म्हणजे या साऱ्याचा दयामरणाचे इंजेक्शन देण्याशी काहीही संबंध नाही, ते आपल्या देशात आजही गुन्हाच आहे. हा भेद न समजल्यामुळे अनेक भाविक वृद्ध या कागदापासून दूर राहतात, म्हणून शिक्षणाचा आरंभ याच खुलाशाने व्हावयास हवा.

मात्र नाकारण्याचा हक्क शिकवताना स्वीकारण्याजोगे काय आहे हेही दाखवता आले पाहिजे. अन्यथा 'यंत्र नको' म्हणणाऱ्या वृद्धाला वेदनेसह घरी धाडण्यातच त्याची परिणती होईल. परिहारक शुश्रूषेची, म्हणजे वेदना, धाप, मळमळ आणि भीती यांचे निवारण करणाऱ्या सेवेची, पहिली आधुनिक संस्था सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला काढली. भारतातील पहिली, शांती आवेदना, १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापिली आणि तिची शाखा गोव्यातही निघाली. पुण्याजवळ वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही शुश्रूषा शिकवते. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कार्यातून गावोगाव स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले, आणि २००८ साली त्या राज्याने या विषयाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. मॉर्फिन मिळण्यातील कायद्याच्या अडचणी १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने पुष्कळ कमी झाल्या, तरी 'मॉर्फिन दिले म्हणजे संपले' ही समजूत रुग्णांत आणि काही डॉक्टरांतही कायम आहे. वस्तुस्थिती अशी, की फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना निदानापासूनच परिहारक सेवा दिली असता त्यांचे दिवस तर सुखाचे गेलेच, पण त्यांचे आयुष्यही नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा सुमारे पावणेतीन महिन्यांनी अधिक भरले, असे बोस्टनच्या २०१० मधील अभ्यासात आढळले. ही सेवा हताशपणाचे दुसरे नाव नव्हे, हे यावरून कळावे.

या विचारावरचे आक्षेपही टाळून चालणार नाहीत. खर्च वाचवण्यासाठी वृद्धांना 'शहाणे' करण्याचा हा डाव आहे, अशी शंका अमेरिकेत २००९ साली इतकी पेटली की अखेरच्या काळाविषयीच्या संभाषणासाठी डॉक्टरांना मोबदला देण्याची योजना मागे पडली आणि ती २०१६ मध्येच अमलात येऊ शकली. आपल्याकडे शंकेचे रूप निराळे आहे. शेतजमीन किंवा सदनिका नावावर असलेल्या वृद्धावर वारस दडपण आणतील, आणि मुलांवर भार होण्याच्या संकोचाने म्हातारी 'मला काही नको' म्हणेल, ही भीती अगदी निराधार नाही. तिचा प्रतिकार संभाषण टाळून होत नाही. संभाषणाचा काही भाग वृद्धाशी एकांतात करून, मालमत्तेचा वारस आणि वैद्यकीय मुखत्यार एकच असावा असा आग्रह न धरून, आणि 'नको' या शब्दामागे इच्छा आहे की संकोच आहे हे परिचित डॉक्टराने चाचपून पाहून होतो. दूरदेशी राहणाऱ्या अपत्याचाही प्रश्न आहे. सगळे ठरल्यावर विमानाने येऊन 'शक्य ते सर्व करा' म्हणणाऱ्या लेकीवर वैद्यकीय नियतकालिकात १९९१ सालीच लेख आला होता. पुण्यात ही भूमिका बहुधा अमेरिकेतील चिरंजीवांकडे येते, आणि त्यांच्या हट्टाच्या मुळाशी अनेकदा प्रेमाइतकीच अपराधाची भावना असते. त्यांना आरंभापासून दूरध्वनीवरून का होईना, संभाषणात बसवणे हाच त्यावर उपाय.

यापुढे करावयाचे ते काम विराट नाही. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत रक्तदाब तपासण्याची शिबिरे होतात, त्याच बैठकीत पूर्वसूचनापत्राचा नमुना मराठीत वाचून चर्चा होऊ शकते. घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला 'आजी, जास्त झाले तर तुमच्या वतीने कोणी बोलावे?' हा एक प्रश्न विचारण्यास आणि नाव लिहून घेण्यास शिकवता येईल. जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांनी अभिरक्षक नेमून त्याचे नाव दर्शनी फलकावर लावणे हे तर निव्वळ कर्तव्य आहे. सत्तरीपुढील सर्वांना, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण केंद्र शासनाने २०२४ मध्ये दिले, ते स्वागतार्हच. परंतु त्या योजनेत पैसा मिळतो तो भरतीसाठी, आणि जी व्यवस्था भरतीला पैसा देते व बोलण्याला देत नाही तिच्यात भरती वाढणार आणि बोलणे आटणार, यात नवल नाही. हे बोलणे आणि लिहून ठेवणे माणसाची बुद्धी शाबूत असताना व्हावयास हवे, कारण विस्मरणाचा आजार बळावल्यावर पत्र लिहिण्याची कायदेशीर पात्रताच उरत नाही.

'चालता-बोलता जावे, कोणाला आपले करावे लागू नये' ही प्रार्थना आपल्याकडील बहुतेक वृद्धांच्या तोंडी असते. ती सर्वांच्या बाबतीत फळत नाही. बहुतेकांच्या वाट्याला अंथरुणाचा काही काळ येतोच, आणि त्या काळाची व्यवस्था प्रार्थनेने होत नसते. म्हणून वृद्धांना शिक्षण द्यावयाचे ते या अपरिहार्य काळाविषयी बोलण्याचे धैर्य त्यांना यावे एवढ्यासाठी. आणि डॉक्टर, मुले व शासन यांना द्यावयाचे ते त्यांचे बोलणे ऐकून घेऊन त्याप्रमाणे वागण्याचे. यांपैकी दुसरे शिक्षण अधिक कठीण आहे, आणि आजवरचा सारा अनुभव सांगतो की त्याच्याअभावी पहिले वाया जाते.